गुडघ्याच्या वाटीचे दोन लगाम

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गुडघा दुखू लागला की आपल्याकडे डॉक्टरकडे जाण्याआधीच निदान झालेले असते. एक तर ‘वाटी सरकली’, नाही तर ‘वाटी झिजली’. शेजारच्या काकू, व्यायामशाळेतला मित्र, गावातले हाड बसवणारे, सगळ्यांचे यावर एकमत असते. दोन्ही वेळा दोष वाटीचाच. पण वाटी आपणहून कधी सरकत नाही. तिला जागेवर धरून ठेवणारे काहीतरी फाटते किंवा सैल पडते, तेव्हा ती सरकते. दुसऱ्या बाजूचे काहीतरी आखडते, तेव्हा ती एका अंगावर घासत राहते. आज या ‘काहीतरी’विषयी बोलायचे आहे. साध्या एक्स-रेत ते दिसत नाही. आणि दिसत नाही म्हणूनच अनेक तरुण मुलींना ‘एक्स-रे अगदी नॉर्मल आहे, तुला काही झालेले नाही’ एवढे ऐकून दुखऱ्या गुडघ्यानिशी घरी परतावे लागते.

आधी एक छोटासा प्रयोग करून पाहा. पलंगावर किंवा सतरंजीवर पाय लांब करून बसा. मांडी अगदी सैल सोडा. आता अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत वाटी धरा आणि हळूच डावीकडे-उजवीकडे सरकवा. ती सरकते. अनेकांना याचे आश्चर्य वाटते. साधारणपणे वाटीच्या रुंदीच्या पाव ते अर्ध्याइतकी ती प्रत्येक बाजूला जाते आणि मग कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी अडते. आता गुडघा खाली दाबून मांडी आवळा. वाटी वर ओढली जाऊन घट्ट झाली, हो ना? दुसऱ्या वेळी तिला धरले ते मांडीच्या स्नायूने. पण पहिल्या वेळी, स्नायू सैल असताना, तिला ज्याने अडवले तोच आपला आजचा विषय.

वैद्यकीय भाषेत त्याला रेटिनाक्युलम म्हणतात. शब्द लॅटिन, अर्थ ‘अडवून धरणारा’. जनावराचे दावे, घोड्याचा लगाम यांनाही रोमन लोक हाच शब्द वापरत. वाटीला असे दोन लगाम आहेत, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. आतली बाजू म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडची, हे लक्षात असू द्या. पुढे ते वारंवार लागणार आहे.

हे पट्टे कशाचे बनलेले असतात? मटण साफ करताना मांसावर पांढरट, चिवट पापुद्रा दिसतो. सुरीने सहज कापला जात नाही, ओढला तर तुटत नाही. तीच ही जात. कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे एकमेकांत विणून झालेली संयोजी ऊती, म्हणजे शरीराचे अवयव एकमेकांना बांधून ठेवणारे विणकाम. मांडीच्या पुढच्या स्नायूच्या खालच्या टोकापासून हे विणकाम दोन्ही बाजूंना पसरते, वाटीच्या कडांना चिकटते आणि खाली नडगीच्या हाडाच्या डोक्यापर्यंत जाते.

आता वाटीला एवढे बांधून ठेवायची गरज का, ते पाहू. वाटी हे स्नायुबंधाच्या आत तयार झालेले हाड आहे. अशा हाडांना इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ ‘तिळासारखे’. हा तीळ मात्र चांगला मोठ्या पेढ्याएवढा, अशा हाडांमधला शरीरातला सर्वांत मोठा. बाळ जन्मते तेव्हा तो नुसती कूर्चा असतो. त्यात हाड धरायला लागते ते वयाच्या साधारण 3 ते 6 वर्षांच्या दरम्यान. मांडीचा ताकदवान चौपदरी स्नायू वाटीला वरून ओढतो, वाटीखालचा स्नायुबंध नडगीला ओढतो आणि गुडघा सरळ होतो. विहिरीवरच्या रहाटाची आठवण करा. दोर चाकाच्या खोबणीतून सरकतो, तशी वाटी मांडीच्या हाडाच्या टोकावरच्या खोबणीतून वर-खाली सरकते.

अडचण अशी, की हा दोर सरळ ओढला जात नाही. आपले मांडीचे हाड खुब्यापासून गुडघ्यापर्यंत तिरके, आत उतरत येते आणि नडगी मात्र जवळजवळ सरळ उभी असते. त्यामुळे स्नायू आवळला की वाटी वर जाता जाता बाहेरच्या बाजूला ओढली जाते. स्त्रियांचा कटिभाग रुंद असल्याने हा तिरकेपणा त्यांच्यात सहसा थोडा अधिक असतो. निसर्गाने यावर तोड काढली आहे. खोबणीची बाहेरची भिंत आतल्या भिंतीपेक्षा उंच ठेवली आहे. पण गुडघा पूर्ण सरळ असतो तेव्हा वाटी खोबणीच्या वरच्या तोंडाशी, जवळजवळ उघड्यावर असते. गुडघा 20 ते 30 अंश वाकला की मग ती खोबणीत नीट बसते. म्हणजे सुरुवातीच्या या टप्प्यात भिंत फारशी कामाला येत नाही. भार पडतो तो आतल्या लगामावर.

या आतल्या लगामाचे बारकाईने वर्णन वॉरन आणि मार्शल या अमेरिकी शल्यविशारदांनी 1979 साली केले. गुडघ्याच्या आतल्या बाजूला कांद्याच्या पापुद्र्यांसारखे 3 थर असतात, असे त्यांनी दाखवले. मधल्या थरात एक पट्टी असते. ती मांडीच्या हाडाच्या आतल्या उंचवट्याजवळून निघते आणि वाटीच्या आतल्या कडेच्या वरच्या भागावर येऊन बसते. लांबी सुमारे साडेपाच सेंटिमीटर. आडनाव लांबलचक आहे, म्हणून डॉक्टर तिला ‘एमपीएफएल’ म्हणतात. बरीच वर्षे तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. मग 1990 च्या दशकात मृतदेहांच्या गुडघ्यांवर प्रयोग झाले. एकेक पट्टा कापायचा आणि वाटी बाहेर ढकलायला किती जोर लागतो ते मोजायचे. तेव्हा कळले, की वाटीला बाहेर जाण्यापासून जो विरोध होतो, त्यातला निम्म्याहून अधिक ही एकटी पट्टी करते. आणि तिची स्वतःची ताकद किती? साधारण 20 किलो वजनाने ओढली तर ती तुटते. गुडघ्याच्या आतला जो अस्थिबंध क्रिकेटपटूंमुळे आपल्याला माहीत झाला आहे, तो तरुण माणसात याच्या दसपट ओढ सहन करतो. एवढ्याशा पट्टीवर एवढी जबाबदारी, म्हटल्यावर ती फाटणार हे ओघानेच आले.

ती फाटते कशी? खो-खोचे मैदान डोळ्यांसमोर आणा. दहावीतली एखादी मुलगी खांबाला हात घालून गर्रकन वळते. पाऊल जमिनीत रुतलेले, गुडघा जरासा वाकलेला, अंग मात्र फिरलेले. त्याच क्षणी मांडीचा स्नायू जोरात आवळतो. ‘कट्’ असे काहीतरी जाणवते आणि ती खाली बसते. क्षणभर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला उंचवटा दिसतो. घाबरून पाय सरळ केला की वाटी बहुधा आपली आपण जागेवर येते. तासा-दोन तासांत गुडघा टम्म सुजतो. ही सूज बहुतेक वेळा रक्ताची असते. जत्रेत नाचताना, जिना उतरताना वळून पाहतानाही हे होऊ शकते. धक्का लागायलाच हवा असे नाही.

पुढे काय होते ते मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. घरी म्हणतात, मुरगळला. कोणी तेल लावून चोळते. कोणी वाटी ‘बसवून’ देते, खरे तर ती केव्हाच बसलेली असते. दुसऱ्या दिवशी एक्स-रे होतो. त्यात वाटी जागेवर आणि हाडे शाबूत. मग आठवडाभर चिकटपट्टी आणि आराम. इकडे आतली पट्टी फाटलेली, आणि एकदा ताणून फाटलेली पट्टी पुष्कळदा लांबट, सैल होऊन सांधते. सहा महिन्यांनी वाटी पुन्हा निसटते. पहिल्यांदा निसटल्यावर बहुसंख्य रुग्णांमध्ये ती पुन्हा निसटत नाही, हे खरे. पण दुसऱ्यांदा निसटलेल्यांमध्ये तिसऱ्यांदा निसटण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते. मुलगी खेळ सोडते. मग बसमध्ये चढायला भिते. घरच्यांना वाटते, ही नाटके करते.

अशा मुलीच्या बाबतीत पहिल्याच वेळी करायच्या गोष्टी साध्या आहेत. वाटी अजून बाहेर असेल तर जोरजबरदस्ती न करता, मांडी सैल ठेवायला सांगून, पाय हळूहळू सरळ करावा. त्याने बसली तर ठीक, नाही तर आधार देऊन दवाखाना गाठावा. बसली तरी डॉक्टरांना दाखवायचेच. कारण वाटी बाहेर जाताना किंवा परत येताना हाडाच्या कडेवर आपटते आणि कधी कधी कूर्चेचा टवका उडतो. तो सांध्यात फिरत राहिला तर गुडघा अडकतो आणि झिजतो. असा टवका हे पहिल्याच वेळी शस्त्रक्रिया करण्याचे ठोस कारण आहे. चोळणे मात्र टाळावे. ताज्या रक्तस्रावावर मालिश म्हणजे गळक्या नळावर पिळकवणी. एमआरआय केला तर फाटलेली पट्टी दिसते, शिवाय हाडांवरचे मुके मारही दिसतात, एक वाटीच्या आतल्या कडेला आणि दुसरा मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या अंगाला. दोन वाहने एकमेकांना घासून गेल्यावर दोघांवर ओरखडे राहावेत तसे.

पण यंत्राच्या आधी हात. चांगला डॉक्टर वाटी हळूच बाहेर ढकलून पाहतो. ती रुंदीच्या पाऊण भागाइतकी किंवा त्याहून जास्त गेली तर आतला लगाम सैल. आणि अशा वेळी रुग्ण चटकन डॉक्टरांचा हात धरतो. तोंडावर भीती उमटते. ही भीती हीच खूण आहे, पाठ्यपुस्तकात या चाचणीचे नावच मुळी ‘धास्तीची चाचणी’ या अर्थाचे आहे. नाटक म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

टवका नसेल तर पहिल्या वेळी काही आठवडे आधारपट्टा आणि नंतर नेटाने व्यायाम एवढे सहसा पुरते. वारंवार निसटत असेल तर आता फाटलेल्या पट्टीच्या जागी रुग्णाच्याच मांडीमागचा एक बारीक स्नायुबंध घेऊन नवी पट्टी घालतात. मात्र सगळा दोष लगामाचा नसतो. काहींची खोबणच उथळ असते, काहींची वाटी उंचावर बसलेली असते, काहींचे नडगीवरचे टोक जास्त बाहेर असते. काहींचे सगळेच सांधे लवचीक असतात, अंगठा मनगटाला लावून दाखवणारी मुले तुम्ही पाहिली असतील. उथळ खोबणीत नवा लगाम किती काळ टिकणार, याचा हिशेब शस्त्रक्रियेआधी व्हायला हवा. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये हाडाची वाढ जिथून होते त्या पट्टीला धक्का लागू नये, हीही काळजी असते.

आता बाहेरचा लगाम. हा आतल्यापेक्षा जाड आणि दणकट. कमरेच्या बाजूपासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली येणारा जो जाड पट्टा आहे, त्याचे धागे यात मिसळतात. वरचा थर तिरका, खालचा आडवा. हा आखडला की वाटी बाहेरच्या अंगाला कलते, झाकण एका बाजूने घट्ट बसावे तशी, आणि सगळा दाब तिच्या बाहेरच्या अर्ध्यावर येतो. चिमटीत धरून आत सरकवली तर वाटी पाव रुंदीइतकीही सरकत नाही. फ्रेंच शल्यविशारद फिका यांनी 1970 च्या दशकात या दुखण्याचे वर्णन केले.

मग उपाय सुचला तो अगदी सरळ. बाहेरचा पट्टा घट्ट आहे ना, मग कापा. 1974 नंतर ही शस्त्रक्रिया बरीच चालली. दुर्बिणीतून गुडघ्याची शस्त्रक्रिया सोपी झाल्यावर तर फारच. वाटी निसटते, कापा. वाटी दुखते, कापा. पण लगाम दोन असतात आणि घोडा दोन्हींवर चालतो. 1988 साली ह्यूस्टन आणि डीझ या अमेरिकी डॉक्टरांनी लिहिले, की पट्टा कापलेल्या काही रुग्णांची वाटी आता उलट, आतल्या बाजूला निसटू लागली आहे. आतल्या बाजूला वाटी निसटणे एरवी फार क्वचित होते. म्हणजे हे दुखणे बव्हंशी शस्त्रक्रियेने दिलेले होते. नंतरच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट कळली. बाहेरचा पट्टा वाटीला बाहेर जाण्यापासूनही थोडे अडवतो. म्हणून निसटणाऱ्या वाटीसाठी नुसता बाहेरचा पट्टा कापणे हा उपाय आता मानला जात नाही. वाटी खरोखर कललेली आणि पट्टा तपासणीत आखडलेला असेल, व्यायामाने गुण आला नसेल, तेव्हाच त्याला हात लावतात. तेव्हाही पुष्कळ शल्यविशारद तो सरसकट न कापता त्याचे दोन थर वेगळे करून, लांबवून पुन्हा शिवतात. शिंपी आखूड कपडा उसवून दुमडीतले कापड सोडतो, तसे. कोणी तुम्हाला ‘एक छोटासा पट्टा कापू, संध्याकाळी घरी’ असे सांगितले, तर का कापायचा हे अवश्य विचारा.

दुखण्याकडे वळू. ‘वाटी झिजली’ हे वाक्य विशीतल्या मुलीलाही सर्रास ऐकवले जाते. वाटीच्या मागच्या बाजूला शरीरातली सर्वांत जाड कूर्चा असते आणि तिला काम भरपूर असते. सपाटीवर चालताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या सुमारे निम्मा दाब येतो, जिना चढता-उतरताना तिप्पट, उकिडवे बसताना सात-आठ पट. पण कूर्चेला चेतातंतू नसतात. ती झिजली तरी ती स्वतः दुखत नाही. मग दुखते काय? अमेरिकेतील डॉ. स्कॉट डाय यांनी याचे उत्तर स्वतःच्या गुडघ्यात शोधले. दुर्बीण घालण्यापुरती कातडी बधिर केली, सांध्याचा आतला भाग बधिर केला नाही. सहकारी आत एकेका जागी टोचत होता आणि डाय स्वतः शुद्धीवर राहून कुठे किती दुखते ते सांगत होते. 1998 साली हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. वाटीच्या कूर्चेवर टोचले तर काहीही जाणवले नाही. पुढच्या बाजूचे अस्तर, चरबीची गादी आणि सांध्याचे वेष्टण यांना स्पर्श होताच मात्र असह्य कळ आली. त्याआधी 1985 मध्ये डॉ. जॉन फुलकर्सन आणि सहकाऱ्यांनी बाहेरच्या रेटिनाक्युलमचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. वाटी कललेल्या रुग्णांच्या पट्ट्यातले बारीक चेतातंतू दबून खराब झालेले त्यांना आढळले.

तेव्हा सिनेमाला तीन तास बसल्यावर, एसटीच्या लांबच्या प्रवासात गुडघ्यापुढे जी कळ येते, ती एक्स-रे नॉर्मल असूनही खरी असू शकते. गुडघा वाकलेला असताना हे पट्टे ताणलेले राहतात. अशा दुखण्यात शस्त्रक्रियेची पाळी क्वचित येते. मांडीच्या आणि खुब्याच्या स्नायूंचे व्यायाम दोन-तीन महिने नेटाने केले तर बहुतेकांना आराम पडतो. खुब्याचे का, असे विचाराल. खुब्याचे स्नायू दुबळे असले की मांडी आत वळते आणि वाटीखालची खोबणच सरकते. ऑस्ट्रेलियाच्या फिजिओथेरपिस्ट जेनी मॅकॉनेल यांनी 1980 च्या दशकात वाटी चिकटपट्टीने आत ओढून धरण्याची पद्धत रूढ केली. तिने व्यायाम करताना दुखणे कमी होते, पण पट्टी हा व्यायामाला पर्याय नव्हे.

एक वेगळा प्रसंग, जिथे या पट्ट्यांवर मोठा निर्णय अवलंबून असतो. वाटी फुटते तेव्हा. दुचाकीवरून पडून वाटी थेट आपटली तर ती तडकते, पण दोन्ही पट्टे शाबूत राहू शकतात. मग रुग्ण झोपून पाय सरळ उचलू शकतो, कारण वाटी तुटली तरी स्नायूची ओढ बाजूच्या पट्ट्यांतून नडगीपर्यंत पोचते. तुकडे सरकलेले नसतील तर अशांना चार-सहा आठवडे प्लास्टर किंवा आधारपट्टा पुरतो. उलट, पायरीवरून पाय घसरला आणि पडू नये म्हणून स्नायू एकदम आवळला, तर वाटी आडवी तुटते आणि फाट पट्ट्यांतही जाते. वरचा तुकडा वर जातो, मध्ये बोटाला खड्डा लागतो आणि पाय सरळ उचलता येत नाही. इथे शस्त्रक्रिया लागते. तारेने हाड बांधतातच, पण दोन्ही बाजूंचे पट्टेही शिवावे लागतात. पाय उचलता येतो का, हा एवढासा प्रश्न, पण एक्स-रेइतकेच तो सांगतो. जखम ताजी असताना निव्वळ दुखण्यामुळेही पाय उचलत नाही, म्हणून कधी सुई घालून साठलेले रक्त काढून, बधिर करून मग पुन्हा उचलायला सांगतात.

आणि शेवटी ‘वाट्या बदलणे’. 2000 साली तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ही शस्त्रक्रिया घराघरांत पोचली. प्रत्यक्षात त्यात मांडीच्या आणि नडगीच्या हाडांच्या झिजलेल्या टोकांवर नवे आवरण बसवतात. वाटी आपली तीच राहते. फार तर तिच्या मागे प्लॅस्टिकची चकती लावतात, अनेकदा तीही नाही. पण सांध्यात शिरण्याची नेहमीची वाट आतल्या लगामातून जाते. वाटीच्या आतल्या कडेने तो उभा कापायचा, वाटी बाजूला करायची, काम झाले की पुन्हा शिवायचा. एकोणिसाव्या शतकातले जर्मन शल्यविशारद लँगेनबेक यांनी वर्णन केलेली ही वाट आजही सर्वांत रुळलेली आहे. शिवण्यापूर्वी शल्यविशारद गुडघा वाकवून पाहतो आणि त्या वेळी वाटीला अंगठ्याचा आधार मुद्दाम देत नाही. ती आपली आपण खोबणीतून सरळ चालली, तर तो टाके घालायला घेतो. बाहेर कलली, तर बसवलेले भाग नीट फिरवून बसले आहेत ना हे आधी पाहतो, आणि ते बरोबर असतील तरच बाहेरचा पट्टा थोडा सैल करतो.